गुरुवारची बाग

बांध ओलांडताना तोल गेला म्हणून प्रभावतीनं हाताशी होतं ते पेरूचं रोप धरलं, आणि रोप अलगद हातात आलं. मुळासकट नव्हे, कारण मूळ नव्हतंच. खालचं टोक कोयत्याच्या एका घावात तिरकं छाटलेलं होतं आणि त्याला लागलेली माती अजून ओली होती. ती पडली नाही. पडली असती तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. निदान खरचटलं असतं, रडायला निमित्त मिळालं असतं. तिनं आधी काय केलं असेल, तर इकडेतिकडे पाहिलं, जणू चोरी तिनंच केली होती, आणि ती डहाळी घाईघाईनं पुन्हा त्याच भोकात खोचली. डहाळी कलली. तिनं पायानं माती दाबली. मग आपण काय करतोय ते तिचं तिलाच कळलं आणि तिची कानशिलं तापली. पुढचं रोप तिनं मुद्दाम उपटलं. तेही आलं. त्याच्या पुढचंही आलं. सगळी ओळीत लावलेली, गुडघाभर उंचीची, प्रत्येकाला नीट गोल आळं केलेलं, आळ्यात पाणी घातलेलं, आणि एकालाही मूळ नाही. सोपानरावांची सबंध पेरूची बाग म्हणजे जमिनीत खोचलेल्या काड्या होत्या. आणि ही बाग गेले दोन महिने तिच्या नकाशात गडद हिरव्या रंगात डौलानं उभी होती.

खांद्यावरच्या शबनममध्ये तो नकाशा गुंडाळी होऊन पडला होता. रावेत गावाचा. कचेरीतून मिळवलेल्या गावनकाशावरून तिनं स्वतः उतरवलेला, प्रत्येक तुकड्याचा सर्व्हे नंबर बारीक अक्षरात लिहिलेला. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा तिचा प्रकल्प होता: पवनेकाठच्या एका गावाचा भूमिउपयोग. नाव भारदस्त. काम म्हणाल तर गाव पायाखाली घालायचं, प्रत्येक तुकड्यापाशी उभं राहायचं, आणि तिथं जे दिसेल त्याचा रंग त्या तुकड्याला द्यायचा. उभं पीक असेल तर हिरवा, फळबाग असेल तर गडद हिरवा, घरं तांबडी, पडीक जमीन पिवळी. ऐकलेलं रंगवू नका, दिसलेलं रंगवा, असं सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि तिनं ते वेदवाक्य मानलं होतं. भूगोल मुलींना सोपा जातो असं सांगून ज्यानं कुणी तिला हा विषय घ्यायला लावला, त्याला एकदा भर उन्हात चिंचवडगावापासून वाल्हेकरवाडीच्या धुळीतून इथवर चालवायला हवा होता. आणि चालण्याचं तरी काय एवढं, चालायची सवय होती तिला. डोळ्यांनी दिसतं ते खरं असं धरून चालण्याची सवय वाईट ठरली. तिच्या वर्गातला ज्योतीराम सुखी होता. त्यानं झाडांच्या वलयांचा विषय घेतला होता. पुण्याच्या वखारीत बसून तो सागाच्या ओंडक्यांची गोल तोंडं पॉलिश पेपरनं घासायचा आणि भिंगातून वलयं बघायचा. पाऊस चांगला झाला तर वलय रुंद, नाही झाला तर अरुंद. बहात्तरचा दुष्काळ त्याला नखाच्या कडेएवढ्या रेघेत सापडला तेव्हा त्यानं सगळ्या वर्गाला स्वखर्चानं भजी खाऊ घातली होती. त्याचं काय जात होतं? ओंडका काही ज्योतीरामला लांबून येताना बघत नाही. ओंडका त्याला बसा म्हणत नाही, चहा विचारत नाही. ओंडक्याची जमीन जायची नसते.

परवा सरांनी नकाशा टेबलावर पसरला, चष्मा कपाळावर चढवला आणि त्या गडद हिरव्या चौकोनावर पेन्सिलीचं मागचं टोक ठेवलं. "या मुरमाड उंचवट्यावर पेरू? पाणी कुठून येतं यांना?" ती म्हणाली, विहीर असेल. "असेल?" सर म्हणाले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर तिलाही मनातल्या मनात दोन शब्द सुनावता आले असते. त्यांनी नकाशाची नीट गुंडाळी करून तिच्या हातात दिली आणि मार्च संपायच्या आत बघून या म्हणाले. नकाशा चुकला तर त्याच्यावर रचलेलं टक्केवारीचं प्रकरण चुकणार, प्रकरण चुकलं तर पहिला वर्ग जाणार, आणि पहिल्या वर्गाशिवाय कॉलेजातल्या नोकरीचं नाव काढायची सोय नव्हती. हे सगळं तिला पाठ होतं. परंतु आत्ता, हातात ती बिनमुळाची काडी धरून उभी असताना, तिला काळजी प्रकल्पाची नव्हती. समोरच्या वाटेनं पुढं गेलं की सोपानराव पाटलांचं अंगण होतं. आज गुरुवार, कंपनीला सुट्टी. अंगणात अण्णा, तिचे वडील, येऊन बसलेले असणार होते. खुर्चीवर.

ही खुर्ची तिच्या नकाशानं मिळवून दिली होती. गेल्या पावसाळ्यानंतर ती पहिल्यांदा नकाशा घेऊन शिवारात उतरली तेव्हा आकुर्डी-निगडीकडं नवनगरासाठी जमिनी घ्यायच्या नोटिसा येऊन गेल्या होत्या, उद्या रावेतची पाळी असं जो तो म्हणत होता, आणि अशात एक पोरगी, अंगावर सुती पातळ, पायात चपला, हातात नकाशा आणि रंगीत पेन्सिली, बांधाबांधानं फिरतेय म्हटल्यावर गावानं काय समजायचं ते समजून घेतलं. त्याआधी नकाशा घेऊन जे जे आले होते, त्यांच्या मागोमाग जमिनी गेल्या होत्या. तिसऱ्याच दिवशी सोपानरावांचा माणूस तिला बोलवायला आला. अण्णा बरोबर होते, वाट दाखवायला म्हणून. अंगणात पत्र्याच्या दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. एक तिला आणि एक अण्णांना. "बसा, अण्णासाहेब," सोपानराव म्हणाले. अण्णा क्षणभर मागं वळून बघू लागले, आपल्यामागं आणखी कोण अण्णासाहेब आलेत म्हणून. मग बसले. अगदी कडेला, खुर्चीचा पत्रा मोडेल अशा धास्तीनं. चहा आतून आला, कपबशीतून, घरातल्या कपबशीतून. अण्णांनी बशीत ओतला नाही, कपानंच प्यायला, आणि त्यांचं तोंड पोळलेलं तिला दिसलं.

याच अंगणात ती सहा-सात वर्षांची असताना अण्णांचं बोट धरून आली होती. कशाला ते तिला आठवत नाही. कुणाच्या तरी दाखल्यावर सोपानरावांच्या वडिलांचा शब्द हवा होता. ते आत जेवत होते, मग वामकुक्षी झाली, मग आणखी कुणी पाहुणे आले. अण्णा फाटकापाशी उभे होते. ऊन होतं, पाय दुखायला लागले, म्हणून ती ओट्याच्या कडेवर टेकली. नुसती टेकली. अण्णांनी तिला दंडाला धरून असं काही ओढलं की खांदा दोन दिवस ठणकत होता. त्यांनी तिला कधी मारलं नव्हतं, त्या दिवशीही मारलं नाही, आणि ओढल्याचं कारणही सांगितलं नाही. घरी जाताना पिंपरीच्या बाजारात तिला बत्तासे घेऊन दिले. हे सगळं छप्पन साली दीक्षा घेतल्यानंतरचं. गावची कामं त्यांच्या लोकांनी कधीच सोडली होती, अण्णा पिंपरीच्या कंपनीत हेल्पर म्हणून लागले होते, अंगात खाकी कपडे, पायात बूट. पिंपरीच्या चाळीत अण्णांना सगळे भाऊ म्हणायचे. गावात पाऊल टाकलं की मात्र बुटांतले पाय आपोआप फाटकापाशी थांबायचे. आता त्याच अंगणात दर गुरुवारी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून येत, खुर्चीवर बसत, आणि पाऊसपाण्याच्या गप्पा मारत. तिसऱ्या-चौथ्या गुरुवारनंतर ते खुर्चीवर मागं टेकून बसायला लागले. तिनं एकदा, अगदी सुरुवातीला, मी कॉलेजची आहे, हा अभ्यासाचा नकाशा आहे, असं म्हणून पाहिलं होतं. सोपानराव हसले आणि म्हणाले, व्हय व्हय, अभ्यासाचाच. तिनं अण्णांकडं पाहिलं. अण्णा चहा पीत होते. ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याला आता सहा महिने होत आले होते आणि ते दर आठवड्याला थोडं थोडं वाढत चाललं होतं, न भरलेल्या जखमेसारखं.

आणि याच सहा महिन्यांत तिनं अण्णांना एकदा सुनावलं होतं. घरी, रात्रीच्या जेवणानंतर, ती जमिनीवर नकाशा पसरून रंग भरत होती आणि अण्णा शेजारी उकिडवे बसून बघत होते. सोपानरावांच्या बागेला लागूनच हाडकीचा तुकडा होता. मेलेली जनावरं ओढायची, त्याच्या बदल्यात गावानं त्यांच्या लोकांना कधीकाळी दिलेली ती जमीन, मुरूम आणि कुसळं, भाऊबंदांत वाटून अण्णांच्या वाट्याला ओसरीएवढी आलेली. काम सोडलं तसं तिकडं कुणी फिरकलंच नाही. तिनं त्याला पिवळा दिला. अण्णा म्हणाले, "ह्येला हिरवा दे की गं." ती म्हणाली, "पडीक आहे, अण्णा." "आता हाय. पेरली तर पिकंल की." "पेरली तर तेव्हा देऊ. जे आहे तेच दाखवायचं असतं. स्वतःची जमीन आहे म्हणून मी खोटं रंगवलं तर माझ्यात आणि खोट्या नोंदी करणाऱ्या तलाठ्यात फरक काय?" असं पुष्कळ काही बोलली ती. शास्त्र म्हणाली, प्रामाणिकपणा म्हणाली. यशोदाबाई, तिची आई, भांडी घासता घासता म्हणाली, "ल्योक न्हाई म्हणून पोरीला शिकीवली, आता ऐका म्हणावं." अण्णा पांघरूण घेऊन झोपले. तिला तेव्हा स्वतःचा अभिमान वाटला होता. शेजारच्या गडद हिरव्या चौकोनाच्या कडा तिनं त्याच रात्री पेन्सिलीला टोक काढकाढून नीट कोरल्या होत्या. बाग तिनं बांधावरून बघितली होती. आत उतरून एका रोपाला हात लावावा असं तिला वाटलं नव्हतं. ज्या घरचा चहा प्यायचा त्या घरच्या झाडाला हात लावून बघायचा कसा? आणि स्वतःच्या तुकड्यात मात्र ती मुद्दाम आत गेली होती, कुसळं पातळाला चिकटेपर्यंत, एखादं दुसरं गवताचं पातं चुकून पीक तर नाही ना, हे तपासायला. पक्षपात नको म्हणून!

काडी तिनं फेकली नाही. हातात घेऊनच ती परसाच्या वाटेनं निघाली. परसात सोपानरावांच्या मंडळी, रुक्मिणीबाई, धुणं वाळत घालत होत्या आणि त्यांच्यामागं पेरूचं एक मोठं जुनं झाड होतं. झाड कसलं, खांब. शेंड्याला चारदोन पानं, बाकी नुसती छाटल्याची पांढरी तोंडं, काही जुनी काळपटलेली, काही कालची. रुक्मिणीबाईंनी तिच्या हातातली डहाळी पाहिली, पण त्या दचकल्या नाहीत की ओशाळल्या नाहीत. उलट माहेरचं माणूस भेटावं तशा जवळ आल्या.

"बगा की बाई, काय दशा केलीया झाडाची. तुमी गुरुवारी येनार म्हणून दर बुधवारी पाटीभर डहाळ्या. आदल्या सुकल्याल्या उपटायच्या, नव्या रवायच्या, वर पानी घालायचं. यंदा पोरांच्या तोंडाला एक पेरू लागला न्हाई. किती दिस चालायचं ह्ये? तुमचा कागुद एकदाचा पुरा करा म्हंजी माजं झाड तरी वाचंल."

प्रभावतीनं डहाळीचं तिरकं टोक झाडावरच्या छाटलेल्या तोंडांशी ताडून पाहिलं. बाईच्या बोलण्यात फसवाफसवीचा लवलेश नव्हता. तुम्ही रवायला लावलंत, आता तुम्हीच थांबवा, असा सरळ हिशेब होता. म्हणजे यांना वाटतंय की मला ठाऊक आहे. पहिल्यापासून ठाऊक आहे. तिला एकदम हसू फुटेल असं वाटलं. संताप कुणाचा करायचा तेही धड कळेना. सोपानरावांचा करावा तर ते बिचारे आपली जमीन वाचवायला बघत होते, लबाडीनं का होईना. सरांचा करावा तर त्यांनी फक्त पाणी कुठून येतं एवढंच विचारलं होतं. उरता उरली ती स्वतः, आणि स्वतःवर संतापून संतापून माणूस किती संतापणार.

अंगणात अण्णा मागं टेकून बसले होते, एका पायावर दुसरा पाय टाकून. सोपानराव बाजेवर होते. "या बाईसाहेब," ते म्हणाले, "अण्णासाहेब कवाधरनं वाट बघत्यात." दुसरी खुर्ची रिकामी होती. ती बसली नाही. तिनं डहाळी सोपानरावांच्या पुढ्यात बाजेवर ठेवली.

"याला मूळ नाही," ती म्हणाली.

सोपानरावांनी डहाळी उचलून उलटीसुलटी करून पाहिली. "फांदी बी कवाकवा लागती, बाई."

"एकही लागलेली नाही. मी बघून आले."

"आता कसं हाय," सोपानराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "जमीन घेताना मोकळ्या माळाचा काय भाव करत्यात आन् बागंचा काय करत्यात, ते तुमाला आमी सांगायचं व्हय? तुमी शिकल्याल्या. काडी का झाड, ह्ये तुमाला वळखू येत न्हाई असं कसं हुईल? आमी समजलो, बाईंनी डोळा झाकला. आपल्या अण्णासाहेबांचं गाव म्हणून."

"मला खरंच ओळखू आलं नाही," ती म्हणाली. इतकी वर्षं शिकून शेवटी भर अंगणात हे वाक्य बोलायची पाळी आली होती. सोपानरावांचा त्यावर विश्वास बसला नाही हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं, आणि एवढ्या मूर्खपणावर कुणाचा विश्वास बसावा हेही तिला पटत होतं. मग तिच्या तोंडून सगळंच बाहेर आलं. हा नकाशा सरकारचा नाही. कुठल्याही कचेरीत जायचा नाही. सर बघतील, परीक्षक बघतील, आणि कॉलेजच्या कपाटात तो वर्षानुवर्षं पडून राहील. यानं तुमची गुंठाभर जमीन जायची नाही आणि राहायचीही नाही. मी कुणीही नाही. मी परीक्षेला बसलेली मुलगी आहे. तुम्ही मला चहा पाजलात, खुर्ची दिलीत, ती कुणा दुसऱ्यालाच दिलीत. बोलताना तिचा आवाज चिरकला आणि परसातून रुक्मिणीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. तिनं अण्णांकडं बघायचं टाळलं. नकाशा काढून तिनं रिकाम्या खुर्चीवर पसरला, खोडरबर काढलं आणि तो गडद हिरवा चौकोन खोडायला लागली. मेणकट रंग सहजी निघेना. घासून घासून तिथं मळकट हिरवा डाग राहिला, त्यावर तिनं पिवळा दाबून भरला. सगळे बघत होते. पाटलाच्या अंगणात, पाटलाच्या खुर्चीवर, पाटलाची बाग ती पुसत होती. एखाद्या गोष्टीत शोभावा असा प्रसंग होता. तिला मात्र फक्त हात दुखल्याचं कळलं.

सोपानरावांनी वाकून तो पिवळा चौकोन पाहिला. मग हळूच हसले. "मागं मोजणीवाला आला हुता, त्यो बी म्हणला हुता, म्या कुनी न्हाई, रस्त्याचं माप घेतुया. वरनं तसंच सांगायला लावत्यात, ठावं हाय आमाला. रागावू नगा, बाई. पिवळा तर पिवळा. फुडल्या बारीला खरी झाडं लावतो, मुळाची." आणि आत तोंड करून म्हणाले, "चहा ठिवा वो, दोन कप साखर जास्तीची."

म्हणजे हेही गेलं. खरं बोलायचं राहिलं म्हणून सहा महिने झुरलेली ती, आणि खरं बोलून काडीचा फरक पडला नव्हता. ती जे नव्हतीच ते तिनं कितीही नाकारलं तरी तिच्यापासून कुणी काढून घेणार नव्हतं. तिला ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात पत्र्याचा करकर आवाज झाला. अण्णा उठले होते. कुणी त्यांना उठ म्हटलं नव्हतं. सोपानरावांची नजरही तिकडं नव्हती. ते उठले, सदऱ्याची पाठ हातानं सारखी केली, आणि सायकल घेऊन फाटकाशी जाऊन उभे राहिले. "चल," म्हणाले. चहा यायचा होता.

दोघं वाल्हेकरवाडीच्या वाटेला लागली. अण्णा सायकल हातात धरून चालत होते, चेनचा टिकटिक आवाज होत होता. ऊन डोक्यावर आलं होतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती म्हणाली, "अण्णा, कधी ना कधी त्यांना कळलंच असतं."

"त्येस्नी कुठं कळलं? त्येस्नी न्हाईच कळलं." अण्णा पुढं बघत म्हणाले. "मला ठावं हुतं."

"काय?"

"कालिजाचा कागुद हाय म्हणून. पैल्या दिसापासनं. अगं, कंपनीत सायबाच्या टेबलावरनं किती नकाशे हिकडचं तिकडं केल्यात म्या. सरकारी कागुद कसा असतो मला कळत न्हाई व्हय? त्येच्यावर शिक्का असतो. तुजा कागुद तू घरात जिमिनीवर पालथी पडून रंगवतीस, त्येच्यावर तुज्या आयचं तेल सांडल्यालं. त्यो कशानं सरकारी?"

ती थांबली. सायकलही थांबली. "मग तुम्ही का बसत होतात तिथं?"

"बसा म्हणत हुतं त्ये. कोन म्हणतं रोज उठून?" अण्णा हसल्यासारखं करून म्हणाले. "खोट्यापायी का हुईना. तू अशी धडधडीत बोलली नव्हतीस तवर त्ये बी खोटं नव्हतं आन् मी बी खोटा नव्हतो. आता समद्यांसमोर बोललीस. आता कसा बसू? त्येचा इस्वास बसला न्हाई, पर माझ्या कानांनी तर ऐकलं."

मग तिच्या मनात दुसरीच गोष्ट आली आणि ती विचारू नये असं वाटत असताना तिनं विचारली. "ठाऊक होतं, तर मग आपल्या तुकड्याला हिरवा दे असं कशाला म्हणालात? त्यानं काय मिळणार होतं?"

अण्णांनी सायकलच्या दांड्यावरची धूळ बोटानं पुसली. "मिळायचं काय त्यात. माझ्या आज्यानं तिथं कातडी सोलली, माझ्या बानं सोलली. तिथं कायतरी उगवल्यालं एकदा बघायचं हुतं. कागदावर तर कागदावर. तुज्याच हातचा कागुद हुता, म्हणून म्हणलो." आणि जरा वेळानं, अजिबात न रागावता, कंपनीतली एखादी गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "सोपानरावाच्या काड्यांना मातर दिलास तू हिरवा. लई झ्याक दिलावतास. मी बघत हुतो."

मग ते सायकलवर बसले, तिला मागं बसायला म्हणाले, आणि ती बसली. चिंचवडगाव येईपर्यंत अण्णांची घामेजली पाठ तिच्या डोळ्यांसमोर होती आणि शबनममध्ये पेन्सिलींचा डबा खडखडत होता. त्यातली हिरवी पेन्सिल काढून वाटेतच, सायकलवर बसल्या बसल्या, तो ओसरीएवढा तुकडा भरून टाकावा असं तिला तीव्रतेनं वाटलं. नकाशा कपाटात जाऊन पडणार होता, कुणाचं काय जाणार होतं? पण पुढच्याच क्षणी सरांचा पेन्सिलीचं टोक टेकवणारा हात दिसला, पाणी कुठून येतं म्हणून विचारणारा, आणि तिच्या लक्षात आलं की आपण हे करणार नाही. करू शकत नाही. दोन महिन्यांपूर्वी ज्या तोऱ्यात ती हे म्हणाली होती तो तोरा आता कुठल्या कुठं गेला होता, आणि तरी पिवळा तो पिवळाच राहणार होता. याचा तिला इतका राग आला की घरी गेल्यावर ती न जेवता झोपली.

पुढच्या गुरुवारी अण्णांनी ओव्हरटाइम घेतला. गुरुवारी कंपनीत मशिनांची साफसफाई असते, माणसं हवी असतात, असं ते यशोदाबाईंना म्हणाले. प्रभावती एकटीच गेली. उरलेली नदीकडची बाजू तिनं रंगवली, प्रत्येक तुकड्यात उतरून, प्रत्येक रोपाला हात लावून. परतताना सोपानरावांच्या घरावरून जाणं टाळता आलं नाही. ते फाटकाशीच उभे होते. बागेच्या जागी मोकळा माळ दिसत होता. त्यांनी आत या म्हटलं, ती उशीर झालाय म्हणाली. "अण्णासाहेब न्हाई आलं?" त्यांनी विचारलं. "कामावर गेलेत." "त्येस्नी म्हणावं, येत जावा. सवय लागली बगा त्यांची. आज दिसभर अंगण सुनं वाटतंय." ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. सहा महिने ती माणसांकडं बघत हिंडली होती आणि एवढंही तिला ओळखता येईना की हे त्या सरकारी कागदासाठी म्हणतायत की खरंच म्हणतायत. कदाचित त्यांचं त्यांनाही माहीत नसेल.

सांगावं की सांगू नये, याचा ती वाल्हेकरवाडीपासून पिंपरीपर्यंत विचार करत आली. अण्णा मोरीपाशी बसून हाताचं ऑइल काढत होते, साबण आणि लाकडाचा भुसा लावून, रोजच्यासारखं.

"सोपानराव विचारत होते तुम्हाला," ती म्हणाली.

अण्णांचे हात थांबले. "काय म्हणलं?"

"अण्णासाहेब कुठंयत, म्हणाले. येत जा म्हणाले. तुमच्याशिवाय अंगण सुनं वाटतं."

"अण्णासायब म्हणलं? मी नसताना बी?"

"हो."

अण्णांनी तांब्यानं हात धुतले. हात स्वच्छ झाले होते. तरी त्यांनी साबण पुन्हा घेतला आणि पहिल्यापासून, एकेक बोट करून, लावायला सुरुवात केली.

"म्हणू दे," ते म्हणाले.